कल्चर भिंतीवर नसतं, हिशेबाच्या वहीत असतं!

‘आमच्या कंपनीचं कल्चर एकदम वेगळं आहे,’ हे वाक्य प्लेसमेंटच्या सीझनमध्ये तुम्ही किती वेळा ऐकणार आहात, मोजून ठेवा. ते खरं आहे की नुसतं स्लाइडवर आहे, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आधी गिरगावातल्या एका गच्चीवर जाऊन येऊ.

प्री-प्लेसमेंट टॉक ऐकलाय ना? ऑडिटोरियममध्ये एसी फुल्ल, पहिल्या रांगेत टीपीओ सर, स्टेजवर छान इंग्रजी बोलणारे एचआरवाले. पहिल्या स्लाइडवर कंपनी किती देशांत आहे त्याचा नकाशा. दुसरीवर टर्नओव्हर. आणि तिसरी स्लाइड हमखास ‘अवर कल्चर’ची. त्यात टेबल टेनिस खेळणारी पोरं, दिवाळीला कुर्ते घालून काढलेला ग्रुप फोटो आणि चार-पाच वजनदार शब्द. आपण टाळ्या वाजवतो, कारण पुढची स्लाइड पॅकेजची असते!

माझं म्हणणं इतकंच आहे, की या तिसऱ्या स्लाइडकडे जरा नीट बघायला शिका. कारण पहिल्या नोकरीत तुम्ही फक्त काम शिकत नाही. ऑफिसात खोटं बोललेलं चालतं की नाही, चूक झाली की ती सांगायची की लपवायची, सीनियरला ‘सर, हे बरोबर नाही’ म्हणायचं की नाही, हे सगळं तुम्ही तिथेच शिकता. बाविसाव्या वर्षी लागलेली ही सवय पुढच्या चार नोकऱ्यांत तुमच्याबरोबर फिरते.

चार शब्द आणि एक दिवाळखोरी

एक जुनं उदाहरण सांगतो. एन्रॉन हे नाव घरी आईबाबांना विचारून बघा. गुहागरजवळचा दाभोळ वीज प्रकल्प म्हटलं की त्यांना लगेच आठवेल. नव्वदच्या दशकात या अमेरिकन कंपनीवरून महाराष्ट्रात केवढं रान पेटलं होतं. तर या एन्रॉनची अधिकृत मूल्यं कोणती होती? आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. वार्षिक अहवालात ती छापलेली असायची. आणि २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा जगाला नीट कळलं, की कर्जं हिशेबात दिसू नयेत म्हणून काय काय उद्योग केले गेले होते.

म्हणजे ते चार शब्द खोटे होते का? शब्द काय, शब्दच असतात. आत काम करणाऱ्यांना मात्र खरं कल्चर चांगलं माहीत होतं. कारण बढती कोणाला मिळते, बोनस कशावर ठरतो आणि दर काही महिन्यांनी माणसांची क्रमवारी लावून शेवटच्यांना बाहेरचा रस्ता कसा दाखवला जातो, हे ते रोज बघत होते. भिंतीवर ‘सचोटी’ लिहिलंय आणि बोनस फुगवलेल्या आकड्यांवर मिळतोय, तर माणूस भिंत वाचेल की बोनस? सांगा बरं!

म्हणून माझ्या मते कंपनीचं कल्चर ओळखायला तीन प्रश्न पुरतात. एक, पैसा कसा वाटला जातो? दोन, ‘नाही’ म्हणायचा हक्क कोणाला आहे? आणि तीन, फायदा दिसत असतानाही ही मंडळी कोणती गोष्ट करत नाहीत? बाकी बीन बॅग, पिझ्झा फ्रायडे वगैरे म्हणजे डेकोरेशन. ते असावं, मजा येते. पण त्याला कल्चर म्हणू नये.

सात जणी, ऐंशी रुपये

आता गिरगावात चला. १५ मार्च १९५९. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. शिक्षण बेताचंच. भांडवल म्हणून छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून घेतलेले ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यामार्फत विकली गेली. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये.

ओळखलंत ना? श्री महिला गृहउद्योग, म्हणजेच लिज्जत पापड. टीव्हीवरच्या त्या सशाच्या जाहिरातीवर आपल्या आधीची अख्खी पिढी वाढलीय. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार बायका आहेत, ८० हून जास्त शाखा आहेत आणि उलाढाल हजार कोटींच्या पुढे आहे. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

हा ‘गरिबीतून श्रीमंती’छाप किस्सा म्हणून सांगत नाहीये. तो तुम्ही दहा रील्समध्ये पाहिला असेल. मला त्यातली वेगळीच गोष्ट भारी वाटते. सात जणींच्या गच्चीवर जे नियम होते, ते ४५ हजारांच्या संस्थेत टिकले कसे?

आपले तीन प्रश्न लावून बघू. पहिला, पैसा. लिज्जतमध्ये पापड लाटणारी बाई ‘कामगार’ नसते. ती सभासद असते, म्हणजे मालकीण. तिला ‘बहीण’ म्हणतात, पण नुसतं गोड बोलण्यापुरतं नाही. नफा झाला तर तो या बहिणींचा आणि तोटा झाला तर तोही त्यांचाच. बाहेरचा शेठ कोणी नाही. पुरुष तिथे काम करतात, ड्रायव्हर किंवा हिशेबनीस म्हणून, पण सभासद होऊ शकत नाहीत. हा नियम तुम्हाला पटो न पटो, तो स्पष्ट आहे आणि पहिल्यापासून आहे.

दुसरा, ‘नाही’ म्हणायचा हक्क. शाखा चालवणारी संचालिका एखाद्या बी-स्कूलमधून उचलून आणलेली नसते. ती त्याच बहिणींमधून, त्यांच्या संमतीनं पुढे येते. अगदी संस्थेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचलेल्या बायकाही एकेकाळी पोळपाट-लाटणं घेऊन बसलेल्या आहेत. त्यामुळे वरून एखादा फतवा निघालाच, तर तो काढणारीला लाटण्याचे कष्ट माहीत असतात.

आणि तिसरा प्रश्न, काय करायचं नाही? इथे तर कमाल आहे. अगदी सुरुवातीलाच त्यांनी ठरवलं, की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. ८० रुपयांवर चाललेल्या धंद्यानं देणगी नाकारायची! दुसरं म्हणजे, सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करणार होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सल्ला दिला, की एकच प्रत करा, उत्तम करा आणि त्यात कधी तडजोड करू नका. त्यांनी तो मानला. स्वस्त माल काढून पटकन खप वाढवण्याचा रस्ता त्यांनी पहिल्याच वर्षी बंद करून टाकला.

या गोष्टी पोस्टरवर लावायची गरजच पडली नाही. रोजच्या कामातच त्या होत्या. सकाळी केंद्रावर यायचं, काल लाटलेले पापड द्यायचे, ते तपासले जाणार, मग आजचं मळलेलं पीठ घरी न्यायचं. ज्या बाईच्या घरी पापड लाटायला आणि वाळवायला जागा नाही, तिनं केंद्रावर पीठ मळायचं किंवा पॅकिंग करायचं. नवी बहीण आली की तिला कल्चरवर भाषण द्यावं लागत नाही. आठ दिवस रांगेत उभी राहिली की तिला सगळं समजतं.

आकडा वाढला की काय होतं?

‘पण पाच जणांची कंपनी असताना आमचं वातावरण किती मस्त होतं!’ कोणत्याही स्टार्टअपवाल्याला चहा पाजा, दहाव्या मिनिटाला हे वाक्य येणारच. मग नंतर काय बिघडतं? माणसं वाईट होतात का? सहसा नाही. गणित बदलतं.

सात माणसं असली की त्यांच्यात दोघा-दोघांच्या २१ जोड्या होतात. म्हणजे २१ नाती. सगळे एका टेबलाभोवती मावतात, एकमेकांचा मूड ओळखतात. पन्नास माणसं झाली की जोड्या १,२२५. दीडशे झाली की ११,१७५! सात जणांत जी गोष्ट न बोलता कळायची, ती दीडशे जणांत बोलून, लिहून, परत परत सांगूनही पोचत नाही. आता संस्थापकाला बघून कोणी शिकत नाही, कारण तो दिसतच नाही. नवा पोरगा शिकतो ते शेजारच्या डेस्कवरच्या तीन महिने जुन्या पोराकडून.

यावर अमेरिकेत एक मजेशीर उत्तर शोधलं गेलं. लिज्जतच्या एकच वर्ष आधी, १९५८ मध्ये, बिल आणि व्हीव्ह गोर या नवरा-बायकोनं एक कंपनी सुरू केली. पावसाळी जॅकेटवर ‘गोर-टेक्स’ असा टॅग बघितला असेल, तीच ही कंपनी. तिथे कोणी ‘एम्प्लॉयी’ नाही, सगळे ‘असोसिएट’. बिल गोर यांच्या लक्षात आलं, की एका ठिकाणी माणसं दीडशे-दोनशेच्या पुढे गेली की ‘आपण’ हा शब्द गळतो आणि ‘ते लोक’ सुरू होतं. मग त्यांनी काय करावं? प्लँट मोठा करण्याऐवजी दुसरा प्लँट काढायचा. झाड उंच वाढवत न्यायचं नाही, शेजारी दुसरं लावायचं.

लिज्जतनं वेगळ्या वाटेनं हेच केलं. एक अवाढव्य कारखाना नाही, तर शाखा, आणि प्रत्येक शाखेला आपली संचालिका. ते लगेच जमलं असंही नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला होता. १९६८ मध्ये मात्र गुजरातेत वालोडला महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा उभी राहिली. म्हणजे पसरायची घाई नव्हती. व्हेंचर कॅपिटलचा पैसा पाठीवर बसलेला नसला की हे परवडतं, हेही मान्य करायला हवं.

हे तुम्हाला आधीच येतं

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय? आमची कुठे कंपनी आहे? पण जरा आपल्या कॉलेजकडे बघा. तुमचा नाटकाचा ग्रुप, ढोल-ताशा पथक, एनएसएसचं युनिट, फेस्टची कमिटी. कुठल्याही कंपनीला घाम फुटेल अशी अट या सगळ्यांना असते. दर तीन-चार वर्षांनी शंभर टक्के माणसं बदलतात! सीनियर पास होऊन जातात, कोणीही उरत नाही. तरीही पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे, आणि काही कॉलेजांचे ग्रुप पिढ्यान्‌ पिढ्या त्याच हट्टानं एकांकिका करतात.

कसं जमतं त्यांना? त्यांच्याकडे ‘व्हिजन स्टेटमेंट’ नसतं. फर्स्ट इयरला आलेला कितीही भारी अ‍ॅक्टर असो, आधी सेट उचलायचा. तालीम सहाची म्हणजे सहाची, लीड रोलवाल्याला वेगळं घड्याळ नाही. प्रयोग झाला की झाडू मारूनच हॉल सोडायचा, आणि झाडू दिग्दर्शकाच्या हातातही असतो. ही झाली रीत. ती कोणी समजावत नाही, हातात झाडू येतो आणि समजते.

आणि हाच ग्रुप मोडताना कसा मोडतो, तेही बघितलं असेल. पथक चाळीस जणांचं होतं तेव्हा सगळे ढोल आवळायला थांबायचे. मग सुपाऱ्या वाढल्या, चारशे जण झाले, टी-शर्टवर स्पॉन्सर आला. आता काही जण थेट मिरवणुकीच्या दिवशी उगवतात, फोटो काढतात आणि जातात. मिळालेल्या पैशांचं काय झालं हे तिघांनाच माहीत. बाहेर बॅनर मात्र तोच, ‘एक कुटुंब’! भांडण सुरू झालं की सगळे म्हणतात, ‘पूर्वीचं पथक राहिलं नाही.’ अहो, पण पूर्वीचा हिशेब सगळ्यांसमोर व्हायचा, तो कधी बंद झाला ते आठवा की!

‘फॅमिली’पासून सावध

इथे माझं एक ठाम मत आहे. जी कंपनी मुलाखतीत तीनदा ‘वी आर अ फॅमिली’ म्हणते, तिला चौथा प्रश्न विचारा. घरात कोणी आजारी पडलं तर रजेचे पैसे कापत नाहीत. घर कोणाला तीन महिन्यांची नोटीस देत नाही, की बाँड लिहून घेत नाही. कंपनीनं हे सगळं करू नये असं नाही, तो व्यवहार आहे आणि व्यवहार म्हणून तो ठीक असू शकतो. पण मग रविवारी रात्री अकराला फोन करताना ‘आपण फॅमिली आहोत’ म्हणू नये. लिज्जतवाल्या एकमेकींना बहीण म्हणतात आणि नफ्या-तोट्यातही बहिणीसारखं धरतात. हाक मारली तर हिस्सा द्या, नाहीतर साधं नावानं बोलवा.

दुसरा शब्द ‘कल्चर फिट’. याचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्यासारखाच बोलणारा, आमच्याच टाइपच्या कॉलेजातला’ एवढाच निघतो. जत किंवा किनवटहून आलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी, पण कोड झकास लिहिणारी मुलगी ‘फिट’ होत नाही म्हणून बाहेर राहिली, तर ते कल्चर नाही, कंपूशाही आहे. कल्चर म्हणजे कसं वागायचं हे ठरलेलं असणं. तसं वागायला तयार असलेला माणूस कुठूनही येऊ दे.

आपल्याच पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या इन्फोसिसचं बघा. इथेही सातच जण होते आणि सुरुवातीचं भांडवल दहा हजार रुपये. कंपनी १९९३ मध्ये शेअर बाजारात आली आणि १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना सुरू झाली. तेव्हा भारतात हे फारसं कोणी करत नव्हतं. ‘आपण मिळून वाढू’ हे नुसतं म्हणणं वेगळं आणि कागदावर हिस्सा देणं वेगळं. पुढे २०१७ मध्ये संस्थापक नारायण मूर्ती आणि तेव्हाचं संचालक मंडळ यांच्यात जाहीर वाद झाला. कशावरून? वरच्या लोकांचे पगार आणि नोकरी सोडताना दिलेली मोठी रक्कम यांवरून. कोण बरोबर हा वेगळा विषय. पण वाद पेटला तो टेबल टेनिसवरून नाही, पैशाच्या वाटपावरून आणि कोणाला काय विचारायचा हक्क आहे यावरून. आपले तेच दोन प्रश्न!

मग बदलायचंच नाही का?

यावर एक आक्षेप येणारच. ‘पापड साठ वर्षं पापडच राहतो. आमच्या क्षेत्रात दर दोन वर्षांनी टेक्नॉलॉजी बदलते. जुनं कल्चर धरून बसलो तर बुडू.’ मुद्दा खरा आहे. फक्त काय धरायचं आणि काय सोडायचं, हे वेगळं करता आलं पाहिजे.

लिज्जतनं खूप काही बदललं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? खाट आणली, खाली स्टोव्ह लावला, वर पापड पसरले. झालं काम! आधी लहान मुलीही लाटायला यायच्या, पुढे अठरा वर्षांची अट आली. पापडापुरतं न थांबता मसाले आले, कपडे धुण्याची पावडर आली. पद्धत बदलली, वस्तू बदलल्या, वयाचा नियम बदलला. मालकी कोणाची आणि प्रत कशी, हे दोन मात्र हलले नाहीत. पापड अजूनही हातानं लाटला जातो, कारण मशीन आलं तर हजारो बायकांच्या हाताला काम काय राहील, हा प्रश्न तिथे आधी येतो. एखाद्या सल्लागाराला हा वेडेपणा वाटेल. पण तो वेडेपणा काढून टाकला, तर ती बाजारातली आणखी एक पापड कंपनी उरेल.

याला किंमत पडते, हेही लपवण्यात अर्थ नाही. मशीनवाला कमी वेळात जास्त माल काढणार. पण जे धरून ठेवायला काहीच किंमत पडत नाही, त्याला मूल्य तरी कशाला म्हणायचं?

मुलाखतीत हे विचारा

शेवटी तुमच्या कामाचं. मुलाखतीच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणतात तेव्हा आपण ‘नो सर, थँक यू’ म्हणून सुटतो. पुढच्या वेळी यातलं एक तरी विचारा.

• गेल्या वर्षी इथे कोणाला बढती मिळाली आणि कशासाठी?
• एखाद्या ज्युनियरनं ‘हे चुकतंय’ म्हटलं आणि निर्णय बदलला, असं अलीकडे कधी झालं?
• फायद्याचं असूनही तुम्ही नाकारलेलं काम कोणतं?
• मी जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात मला कोण शिकवणार?

उत्तरात ठोस किस्सा आला तर कल्चर आहे. नुसतीच विशेषणं आली तर ती स्लाइड आहे. आणि जमलं तर त्याच कंपनीत वर्षभर काढलेल्या आपल्या कॉलेजच्या सीनियरला फोन करा. तो दोन मिनिटांत सांगेल ते कुठल्याही वेबसाइटवर नसतं.

अर्थात, सगळ्यांना निवड करायची ऐश नसते. घरी हप्ते चालू असतील, तर मिळेल ती पहिली नोकरी घ्यावीच लागते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण घेताना डोळे उघडे असले, तर तिथलं काय उचलायचं आणि काय अंगाला लावून घ्यायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात राहतं.

आणि तुमच्यापैकी जे स्वतःचं काही सुरू करणार आहेत, दोन मित्र आणि एक लॅपटॉप घेऊन, त्यांनी लोगोच्या आधी एक काम करावं. एका कागदावर लिहा, पैसे आले तर कसे वाटायचे, भांडण झालं तर कोणाचा शब्द शेवटचा, आणि कितीही पैसे मिळाले तरी काय करायचं नाही. तिघांनी सह्या करा. आत्ता हसू येईल, कारण वाटायला अजून काहीच नाहीये. पण हे ठरवायची हीच वेळ असते. गिरगावच्या त्या सात जणींनी देणगीला ‘नाही’ म्हटलं, तेव्हा त्यांच्याकडेही उसने ८० रुपयेच तर होते.